हेदवीची घळ आणि घरचा दगड

हेदवीच्या बामणघळीपाशी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. काळ्या कातळाला पडलेली एक अरुंद, लांब चीर, तळाशी जेमतेम गुडघाभर पाणी. भोपाळच्या चार इमलीतून निघून हजारावर किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसांना हे दाखवायचं? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बामणघळीचा आग्रह माझाच होता. लाट आत शिरली की पाण्याचा खांब उभा राहतो, असं मी इंदूर सुटल्यापासून सांगत आले होते.

वर उमामहेश्वराच्या देवळाच्या वाटेवर कोकम सरबत विकणाऱ्या बाई आमची तोंडं बघून हसल्या. "आज द्वितीया ना? मग आता कसलं पाणी! दीड वाजता या."

द्वितीया आणि दीड यांचा संबंध काय, हे एक कोडं. दुसरं धाकटीने टाकलं. चिरेत वाकून बघत ती म्हणाली, "ही गुहा समुंदरने खोदली ना? पण आपल्या भीमबेटकाला तर समुंदरच नाही. तिथल्या कोणी खोदल्या?"

भोपाळच्या मुलांना भीमबेटका म्हणजे शाळेची सहल. घरापासून पाऊण-एक तासाचा रस्ता, सातशेच्या वर शैलाश्रय, त्यात लाल-पांढरी चित्रं. प्रश्न सरळ होता, उत्तराला मात्र आमचे पुढचे दोन दिवस गेले.

वाटभर एकच दगड

आधी हे कातळ कुठून आलं ते पाहू. भोपाळ सोडून सीहोर, आष्टा करत पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना काळी माती लागते. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडा, सेंधव्यापुढे सातपुडा ओलांडा, धुळं, नाशिक, कसारा, आणि मग खाली कोकण. भाषा बदलते, चहाची चव बदलते, पण डोंगर कापून केलेल्या रस्त्याच्या कडेला दगड बहुतेक तोच, काळा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. आजही हा थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. भोपाळकडे, म्हणजे कडेला, तो पातळ होत संपतो.

हे थर म्हणजे पोळ्यांची चळत. प्रत्येक पोळीचा मधला भाग घट्ट, एकसंध. वरचा भाग मात्र सच्छिद्र, कारण थिजताना लाव्ह्यातले वायू बुडबुडे होऊन वर येतात. गाडीत मागे बसलेल्या सासूबाईंनी हे लगेच पकडलं. "आंबोळीला जाळी पडते तसं." अगदी तसंच. दोन पोळ्यांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टाही असतो. एक लाव्हा थिजून दुसरा येईपर्यंतच्या काळात दगड कुजून तिथे माती झाली होती, नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली.

म्हणजे कातळ दिसतं एकसारखं, पण त्यात मऊ पट्टे आहेत आणि थंड होताना आकसल्यामुळे पडलेल्या उभ्या भेगाही आहेत. समुद्राला तेवढं पुरतं.

लाटेची पिचकारी

एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. लाटेबरोबर असे कित्येक घनमीटर कड्यावर आदळतात. पण नुसत्या धक्क्याने बसाल्ट फुटत नाही. खरं काम भेगेत अडकलेली हवा करते.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकलून पाहा. आतली हवा बोट उचलू पाहते. लाट भेगेच्या तोंडावर येते तेव्हा आतली हवा तशीच कोंडली जाते आणि भेगेच्या दोन्ही भिंतींवर रेटा देते. लाट मागे सरली की रेटा एकदम सुटतो. दाबणं आणि सोडणं, दिवसाला हजारो वेळा. कपच्या सैल होतात, एखादा तुकडा निसटतो. निसटलेला तुकडा लाटेच्या हातातलं हत्यार होतो. पुढच्या लाटा तेच गोटे आणि तीच वाळू भिंतीवर घासत राहतात. म्हणून अशा घळीच्या तळाशी गोलसर गोटे सापडतात आणि भिंतीचा खालचा भाग पॉलिश पेपर मारल्यासारखा गुळगुळीत लागतो.

भेग रुंदावत आत गेली आणि वरचं छप्पर टिकलं, तर ती सागरी गुहा. टेकाडाच्या दोन्ही बाजूंनी गुहा होऊन एकमेकींना मिळाल्या तर कमान. कमानीचं छप्पर कोसळलं तर समुद्रात एकटा उभा राहिलेला सुळका. बामणघळीचं छप्पर उघडं आहे. चीर आत जाता जाता अरुंद होते, म्हणून भरतीची लाट शिरली की तिला पुढे जागा उरत नाही आणि पाणी वर उसळतं. भोपाळकरांना हे निराळं समजवायला नको. रंगपंचमीला पिचकारीचं तोंड जितकं बारीक, तितकी धार लांब.

यात आणखी एक गंमत आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, बरंच पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीपाशी थांबलं. चढताना ते नद्यांच्या मुखांतून आत घुसलं, त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे कोकणातल्या खाड्या. आमची गाडी तीनदा फेरीबोटीवर चढली, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. धाकटीला यातच सगळ्यात जास्त मजा आली. ती मजा त्या वितळलेल्या बर्फाची देणगी.

आणि भीमबेटकातली सर्वांत जुनी चित्रं सुमारे दहा हजार वर्षांची मानली जातात. म्हणजे तिकडे कुणी दगडावर बोटाने रंग ओढत होतं, तेव्हा हेदवीच्या या चिरेपर्यंत समुद्र पोचलेलाही नव्हता.

तिथीची पाऊणपट

आता सरबतवाल्या बाईंचा हिशेब. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पंचांगात अमावास्या ते अमावास्या तीस तिथ्या असतात. तेवढ्यात चंद्र पूर्ण चोवीस तास मागे पडतो. चोवीस तासांना तिसांनी भागा, एका तिथीला ४८ मिनिटं आली. तोंडी हिशेबाला पाऊण तास धरला की झालं.

किनाऱ्यावरची जुनी रीत तीच आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ आली. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेब सव्वाअकरा सांगतो, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. जी वेळ दुपारची तीच साधारण मध्यरात्रीची, कारण दिवसात भरती दोनदा येते. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला सकाळी आठला आम्ही नेमके ओहोटीत उभे होतो! हिशेब ढोबळ आहे. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तेव्हा कातळावर उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारलेलं बरं.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला भांगाची भरती म्हणतात. उधाण बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जोरात असतं, म्हणजे आमची द्वितीया चुकून उत्तम निघाली. दीड वाजता घळीत लाट शिरली, आधी पोटातून घुमल्यासारखा आवाज आला आणि मग पाणी दोन पुरुष उंच उडालं. सासूबाईंनी हात जोडले. नवऱ्याचा कॅमेरा भिजला.

भिंतीला लोणा लागतो तसा

लाट पोचत नाही तिथेही समुद्र दगड खातो. हे हरिहरेश्वरला दिसतं. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरून खाली गेलात की लाटांनी सपाट कापलेलं कातळाचं अंगण लागतं. ही वाट ओहोटीलाच करायची. लाटेने माणसं ओढून नेल्याचे प्रसंग इथे घडलेले आहेत, तिथल्या सूचना गंभीरपणे घ्याव्यात. बाजूच्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली आहे, मुठीएवढ्या खळग्यांच्या रांगाच्या रांगा.

जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागलेला पाहिलाय? भिंत ओल ओढते, ओलीतला क्षार पृष्ठभागाशी येऊन सुकतो, पांढरी भुकटी धरते आणि गिलावा पापुद्र्यांनी गळतो. कड्यावरही हेच होतं. खारे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन त्यांना सुकवतं, मिठाचे खडे धरतात. खडा वाढताना जागा मागतो आणि दगडाचे कण सुटे करतो. एकदा खळगा पडला की त्याच्या सावलीत ओल जास्त वेळ टिकते, तिथे क्षार जास्त साचतो, खळगा आणखी खोल होतो. मधल्या भिंती लवकर वाळतात, म्हणून टिकतात. जाळी अशी आपोआप विणली जाते.

टाकीची गुहा

तिसऱ्या जातीची गुहा वाटेवरच होती. रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ राजपुरी खाडीच्या वर कुडे गावी २६ बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. दान देणाऱ्यांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत, त्यांत महाभोज घराण्यातली माणसं आहेत, तसे वैद्य आणि माळीही आहेत. खाडीतून माल चढउतार होत होता, तिथल्या पैशातून हे कोरीवकाम झालं.

कोरणाऱ्यांना दगड कळत होता, एवढंच इथे सांगायचं. त्यांनी निवडला तो पोळीचा मधला, घट्ट, बिनभेगांचा थर. काम छतापासून सुरू करून खाली यायचं, म्हणजे परांचीची गरज लागत नाही आणि वरून कपची डोक्यात पडत नाही. पाटा टाकवल्यावर उमटतात तसे टाकीचे घाव अजून भिंतींवर दिसतात.

चुनखडी विरघळून होणाऱ्या गुहा, मेघालयातल्या असतात तशा, ही वेगळीच जात. आमच्या वाटेवर चुनखडी नव्हती, म्हणून त्यांना सोडून देते.

चौकट : गुहा कोणी केली? ओळखायच्या खुणा

*समुद्राने:* तोंड अरुंद, खोली जास्त, एखाद्या भेगेच्या रेषेत. तळाशी गोल गोटे, खालची भिंत गुळगुळीत.

*माणसाने:* काटकोन, सपाट छत, टाकीचे घाव. शेजारी बहुधा पाण्याचं टाकं.

*ऊन-पाऊस-वाऱ्याने:* तोंड ऐसपैस, खोली कमी, वरून छज्ज्यासारखा पुढे आलेला दगड. पायाखाली दगडाचीच सुटलेली वाळू.

गुहागरच्या वाळूवर

धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर चौकटीतल्या तिसऱ्या ओळीत आहे, पण तिला ते पटलं दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागरला. ओहोटीने किनारा लांबवर उघडा पडला होता आणि ओल्या वाळूवर पाण्याने उठवलेल्या बारीक लहरी होत्या, पन्हाळीच्या पत्र्यासारख्या. अनवाणी चालताना त्या तळव्यांना टोचतात. ती थांबली. "हे भीमबेटकाच्या दगडावर पण आहे."

आहे. आणि ते अगदी हेच आहे.

भीमबेटकाचा दगड काळा बसाल्ट नव्हे. तो विंध्य डोंगराचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचाच दगड. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. पाणी वाळूवर लहरी उठवत होतं, जशा गुहागरला उठवतं. एखाद्या वेळी लहरींवर गाळाचा पातळ थर बसला, त्यावर वाळू, त्यावर आणखी वाळू. खाली दाबल्या गेलेल्या वाळूतून गारेचा अंश विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि कणाकणांच्या मध्ये त्याचा सांधा बसला. राजगिऱ्याच्या वडीत दाणे धरून ठेवतो तो गुळाचा पाक असतो, इथे पाक गारेचा. लहरी आतल्या आत गोठून राहिल्या.

वडीत कुठे पाक जास्त, कुठे कमी पडतो. कमी पाकाचा कोपरा हातात घेताच भुगा होतो. वालुकाश्माच्या थरांचंही तसंच. समुद्र गेला, जमीन वर आली, दगड उघडा पडला. पावसाचं पाणी भेगांतून झिरपलं, उन्हाने दगड तापला, रात्री निवला. कच्च्या पाकाचा थर कणाकणाने गळून गेला आणि वरचा पक्का थर छज्जा होऊन अधांतरी राहिला. त्या छज्ज्याखाली माणसं येऊन राहिली. तिथे गुहा खोदणारं असं कुणीच नव्हतं, फक्त आधी गळायचं ते आधी गळलं.

१९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर, उज्जैनचे हरिभाऊ, आगगाडीने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना या डोंगरांचे आकार दिसले आणि त्यांनी तिथे जाऊन चित्रांसह सगळी वसाहत जगापुढे आणली. २००३ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. नीमचला जन्मलेल्या एका मराठी माणसाचं हे काम भोपाळच्या मराठी घरांतून अजून अभिमानाने सांगितलं जातं. दगडाच्या वयाबद्दल मात्र मध्यंतरी घोळ झाला. २०२१ साली काही संशोधकांनी तिथल्या एका मोठ्या शैलाश्रयाच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा सापडल्याचं जाहीर केलं. तो प्राणी साधारण पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दगडाचं वय एका फटक्यात निम्मं झालं असतं. दोन वर्षांनी दुसरे संशोधक तिथे गेले, तर ठसा सोलून गळायला लागला होता! ते जुन्या मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष निघाले. पहिल्या संशोधकांनी चूक मान्य केली, हे मला त्या शोधापेक्षा मोठं वाटतं.

मग तो समुद्र अरबी होता का? नाही. शंभर कोटी वर्षांपूर्वी अरबी समुद्र नव्हताच आणि भारतही आजच्या जागी नव्हता. आजचा पश्चिम किनारा घडला तो फार उशिरा. आधी मादागास्कर तुटून गेलं, मग लाव्ह्याच्या धामधुमीच्या सुमाराला सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला आणि मधे हा समुद्र पसरला. आम्ही ज्या समुद्राला बघायला एवढ्या लांब गेलो, त्याच्यापेक्षा आमच्या घराजवळचा समुद्रकिनारा कितीतरी पटींनी जुना. फक्त त्याचं पाणी गेलंय.

काळी वाळू, गुलाबी भुकटी

शेवटचा मुक्काम रत्नागिरी. तिथे लोक पांढरा समुद्र आणि काळा समुद्र असं बोलतात. पाणी तेच, रंग वाळूचा. वाळू म्हणजे कुठल्या तरी दगडाचा चुरा, म्हणून ती आपल्या दगडाचा रंग घेते. बसाल्टमध्ये गार जवळजवळ नसते, लोहयुक्त काळी खनिजं असतात. ती जड असल्यामुळे लाट हलके कण उचलून नेते आणि काळे मागे ठेवते, सुपात पाखडल्यासारखं. शिंपल्यांचा चुरा जिथे साचतो तिथे किनारा पांढरट दिसतो. पुढे मालवण-वेंगुर्ल्याकडे लाव्ह्याचं पांघरूण संपतं, खालचे जुने गारेचे खडक उघडे पडतात आणि वाळू खरोखरची पांढरी होते.

मांडवीच्या किनाऱ्यावरची मूठभर काळी वाळू धाकटीने बाटलीत भरून आणली. घरी आल्यावर फ्रिजवरचं चुंबक कागदात गुंडाळून तिने त्या वाळूतून फिरवलं. काळ्या कणांची मिशी उभी राहिली.

मग ती मागच्या दाराने बाहेर गेली. चार इमलीतल्या आमच्या क्वार्टरच्या कुंपणाची भिंत भोपाळकडच्या गुलाबी वालुकाश्माची आहे. तिने भिंतीखाली गळलेली भुकटी कागदावर गोळा केली आणि तेच चुंबक त्यातून फिरवलं. एकही कण चिकटला नाही.